विश्लेषण : द्राक्षचोरांना घाबरवणारे निळे पाणी बागायतदारांचे औषध कसे झाले? बोर्डो मिश्रणाचे जनक मिलार्दे कोण होते?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई, टाकळी हाजी परिसरातील डाळिंबाच्या बागा असोत किंवा दौंड तालुक्यातील खोर भागातील अंजिराच्या. छाटणी झाली की शेताच्या बांधावर दोन टाक्या मांडल्या जातात. एकीत मोरचूद विरघळतो, दुसरीत कळीचा चुना. दोन्ही एकत्र आले की तयार होते आकाशी रंगाचे बोर्डो मिश्रण. बाजारात दरवर्षी नवी औषधे येतात आणि जुनी मागे पडतात. हे मिश्रण मात्र सुमारे १४० वर्षे टिकून आहे.

ते शोधणारा माणूस शेतकरी नव्हता आणि औषध कंपनीतही नव्हता. तो फ्रान्समधील विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारा प्राध्यापक होता. नाव पिएर मारी अलेक्सी मिलार्दे. ‘तेल्या’ने हैराण झालेल्या आजच्या डाळिंब उत्पादकाला त्यांच्या आयुष्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

मिलार्दे कोण होते?

मिलार्दे यांचा जन्म १३ डिसेंबर १८३८ रोजी पूर्व फ्रान्समधील ज्युरा भागातल्या मोंमिरे-ला-व्हिल या गावी झाला. पुढील शिक्षणासाठी ते जर्मनीत गेले. हायडेलबर्गमध्ये विल्हेल्म हॉफमाइस्टर आणि फ्रायबर्गमध्ये आंटोन डी बारी हे त्यांचे गुरू होते.

यातील डी बारी हे नाव महत्त्वाचे आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला, पीक सडले आणि भीषण दुष्काळ पडला. त्या काळी अनेक जाणकारांना वाटायचे की, झाड आधी हवामानामुळे किंवा अशक्तपणामुळे आजारी पडते आणि बुरशी नंतर त्यावर उगवते. डी बारी यांनी प्रयोगांनी उलट सिद्ध केले. बुरशी हा रोगाचा परिणाम नाही, तीच रोगाचे कारण आहे. कारण कळले की ते कुठे आणि केव्हा अडवायचे, याचा विचार करता येतो. मिलार्दे यांचे पुढचे सगळे काम या एका धड्यावर उभे आहे.

१८६९ मध्ये ते स्ट्रासबर्गला वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. पण १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि स्ट्रासबर्ग जर्मनीकडे गेले. १८७२ मध्ये मिलार्दे नॅन्सीला आले आणि १८७६ मध्ये बोर्डो विद्यापीठात रुजू झाले. १८९९ पर्यंत ते तिथेच शिकवत होते.

तेव्हा द्राक्षबागांवर कोणते संकट होते?

संकट एक नव्हते. एकामागून एक अशी तीन संकटे आली आणि तिन्ही अमेरिकेतून आली.

पहिली भुरी. ती १८५० च्या सुमारास फ्रान्सभर पसरली. त्यावर गंधकाच्या भुकटीचा उपाय सापडला, जो आजही वापरात आहे.

दुसरे संकट फायलोक्झेरा या मुळांवरील किडीचे. १८६० च्या दशकात ती आली आणि वेली मुळापासून वाळू लागल्या. अमेरिकेतील रानटी द्राक्षवेली या किडीला दाद देत नाहीत हे लक्षात आल्यावर त्या वेली मोठ्या प्रमाणावर मागवल्या जाऊ लागल्या. त्यांच्या मुळांवर फ्रेंच द्राक्षाचे कलम करायचे, असा हा मार्ग होता. फायलोक्झेरा आणि अमेरिकी वेली हाच मिलार्दे यांच्याही अभ्यासाचा मुख्य विषय बनला.

पण उपायासाठी आणलेल्या रोपांसोबत तिसरे संकट आले. ते म्हणजे केवडा. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डाग, खालच्या बाजूला पांढरी बुरशी आणि काही दिवसांत पानगळ. पाने गेली की घडात साखर भरत नाही. भुरीवर चालणारे गंधक केवड्यावर चालले नाही. भुरीची बुरशी पानाच्या पृष्ठभागावर वाढते, तर केवड्याची पानाच्या आत. आत शिरलेल्या बुरशीपर्यंत भुकटी पोहोचतच नव्हती.

१८८२ च्या ऑक्टोबरमध्ये काय घडले?

बोर्डो शहराच्या उत्तरेला मेदोक हा द्राक्षाचा पट्टा आहे. ऑक्टोबर १८८२ मध्ये मिलार्दे तेथील सँ-ज्युलियँ गावातील बोकायू मळ्यातून जात होते. त्या वर्षी केवड्याने पाने झडली होती. मात्र रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार होत्या. आतल्या ओळी उघड्याबोडक्या, कडेच्या ओळी पानांनी भरलेल्या.

त्यांनी जवळ जाऊन पाहिले. पानांवर निळसर-हिरवा थर होता. मळ्याचे व्यवस्थापक अर्नेस्ट डेव्हिड यांच्याकडे चौकशी केल्यावर उलगडा झाला. रस्त्याने जाणारे-येणारे द्राक्षे तोडून खात. ते टाळण्यासाठी कडेच्या वेलींवर तांब्याचा हिरवा गंज किंवा मोरचूद-चुन्याचे पाणी शिंपडण्याची त्या भागात पद्धत होती. विषारी दिसणारा घड कोणी तोंडात घालणार नाही, एवढाच हेतू. रोगाशी त्याचा कुणी संबंध जोडला नव्हता.

शेकडो लोकांनी त्या ओळी पाहिल्या असतील. मिलार्दे यांना त्यात अर्थ दिसला, कारण केवड्याची बुरशी कशी जगते हे त्यांना ठाऊक होते. तिचे बीजाणू पानावरील पाण्याच्या थेंबात फुटतात, त्यातून पोहणारे सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि पानाच्या छिद्रांतून आत शिरतात. त्याच थेंबात तांबे असेल, तर हे कण आत शिरण्याआधीच मरतील, असा तर्क त्यांनी बांधला.

मग औषध जाहीर व्हायला तीन वर्षे का लागली?

कारण मिलार्दे यांनी एका दृश्यावर भरवसा ठेवला नाही. रस्त्याकडेच्या ओळी धुळीमुळे वाचल्या असतील का? वाऱ्यामुळे? तांब्यामुळे वाचल्या असतील तर किती तांब्यामुळे? हे तपासायला हवे होते.

प्रयोगशाळेत त्यांनी तांब्याच्या पाण्यात बीजाणू टाकून पाहिले. अत्यंत विरळ द्रावणातही ते मरत होते. एक गमतीची गोष्टही पुढे आली. त्यांच्या घरच्या विहिरीच्या पाण्यातही बीजाणू रुजेनात. त्या विहिरीवर तांब्याचा जुना पंप होता आणि त्यातून पाण्यात उतरलेले थोडेसे तांबे बुरशी रोखायला पुरेसे ठरत होते.

दुसरीकडे मळ्यांत वेगवेगळी द्रावणे करून पाहणे सुरू झाले. बोकायू आणि दोझाक हे दोन्ही मळे नॅथॅनिएल जॉन्स्टन यांचे होते. डेव्हिड यांनी तिथे प्रत्यक्ष फवारणीची बाजू सांभाळली. रसायनशास्त्राची बाजू मिलार्दे यांचे सहकारी युलिस गेयाँ यांनी पाहिली. गेयाँ हे लुई पाश्चर यांचे शिष्य.

१८८५ हे केवड्याचे वर्ष ठरले आणि हीच खरी परीक्षा झाली. मिश्रण मारलेल्या वेली शेवटपर्यंत हिरव्या राहिल्या, न मारलेल्यांची पाने गेली. त्याच वर्षी मिलार्दे यांनी कृती प्रसिद्ध केली : १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद, ३० लिटर पाण्यात १५ किलो कळीचा चुना आणि दोन्हींचे मिश्रण. तेव्हा आजच्यासारखे पंप नव्हते. मजूर एका हातात मिश्रणाचे भांडे आणि दुसऱ्या हातात छोटा झाडू घेऊन ओळीतून चालत आणि पानांवर शिंतोडे उडवत.

आजच्या १ टक्का मिश्रणाशी तुलना केली, तर हे मूळ मिश्रण साधारण सहापट तीव्र होते. पुढील काही वर्षांत प्रयोग वाढले तसे प्रमाण खाली येत गेले.

मोरचुदात चुना कशासाठी?

मोरचूद पाण्यात सहज विरघळतो. त्यामुळे नुसता फवारला तर सगळे तांबे एकदम पानावर उतरते आणि पान भाजते. पाऊस आला तर ते तितक्याच सहज धुऊन जाते.

चुना मिसळल्यावर आम्लता मरते आणि तांब्याची न विरघळणारी संयुगे तयार होतात. ती पानाला चिकटून राहतात. पुढे दव किंवा पावसाच्या थेंबात त्यातून अगदी थोडे तांबे सुटत राहते. म्हणजे रोग पसरायला लागणारे पाणी पानावर येते, तेव्हाच औषधही त्या पाण्यात उतरते.

यात या मिश्रणाची मर्यादाही आहे. ते पानाच्या आत जात नाही. रोग आत शिरला असेल तर त्याला बाहेर काढत नाही. मिलार्दे यांचा भर यावरच होता : रोग दिसण्याआधी फवारा, दिसल्यावर नव्हे.

श्रेयावरून वाद का झाला?

कारण तांब्याचा गुण पूर्णपणे अज्ञात नव्हता. बेनेडिक्ट प्रेव्हो यांनी १८०७ मध्येच दाखवले होते की, तांब्याच्या पाण्यात गव्हाच्या काणी रोगाचे बीजाणू रुजत नाहीत. ते काम दुर्लक्षित राहिले. १८८४ मध्ये बर्गंडी भागातही लोकांच्या लक्षात आले की, मोरचुदात भिजवलेल्या लाकडी खुंटांजवळची द्राक्षपाने केवड्यापासून वाचतात.

मिलार्दे यांनी आपला दावा ठामपणे मांडला. चोरांसाठी शिंपडण्याची पद्धत त्यांची नव्हती, हे उघड आहे. पण तिचा रोगाशी संबंध ओळखणे, तो प्रयोगशाळेत आणि शेतात तपासणे आणि कुणालाही करता येईल अशी कृती देणे, हे काम त्यांचे, गेयाँ यांचे आणि डेव्हिड यांचे. मोरचूद आणि चुना दोन्ही बाजारात सहज मिळणारे होते. त्यामुळे औषध वेगाने पसरले. काही वर्षांत ते अमेरिकेत पोहोचले आणि बटाट्याच्या करप्यावरही चालू लागले.

पिणाऱ्याच्या पोटात तांबे जाईल, ही शंका नव्हती का?

होती, आणि ती रास्त होती. द्राक्षावर तांबे मारायचे आणि त्याचीच वाइन करायची, हे लोकांना पटणे अवघड होते. मिलार्दे आणि गेयाँ यांनी पाने, घड, रस आणि तयार वाइन या प्रत्येक टप्प्यावर तांबे मोजले. पानांवर ते भरपूर होते, पण वाइनमध्ये नाममात्र उरत होते.

आज युरोपला द्राक्ष किंवा डाळिंब पाठवणाऱ्या शेतकऱ्याला उर्वरित अंशाची तपासणी नवी नाही. अपेडाच्या ग्रेपनेट आणि अनारनेट या प्रणालींत बागेच्या नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत माग ठेवला जातो. औषध देणाऱ्यानेच त्याचा अंशही मोजावा, ही शिस्त १८८० च्या दशकातील त्या दोघांच्या कामात दिसते.

मिलार्दे यांचे दुसरे मोठे काम कोणते?

फवारणी हा त्यांच्या कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा कलमांचा. शार्ल द ग्रासे यांच्यासोबत त्यांनी युरोपीय आणि अमेरिकी वेलींचे अनेक संकर केले. फायलोक्झेराला तोंड देणारी आणि स्थानिक मातीत रुजणारी मुळे त्यांना हवी होती. त्यातील ‘४१ बी’ हा खुंट चुनखडीच्या जमिनीत तग धरतो, म्हणून तो फ्रान्सच्या शँपेन भागात रुजला. ‘१०१-१४’ हा त्यांचा खुंटही जगभर वापरात आहे.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदाराला खुंटाचे महत्त्व वेगळ्या कारणाने कळते. इथे डॉगरिज किंवा ११० आर या खुंटांवर कलम केले जाते ते मुख्यतः क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण सहन व्हावा म्हणून. हे खुंट मिलार्दे यांचे नाहीत. मात्र मुळे एका वेलीची आणि फळ दुसरीचे, ही पद्धत ज्या काळात सार्वत्रिक झाली, त्या काळातील ते प्रमुख संशोधक होते.

१५ डिसेंबर १९०२ रोजी, वयाची ६४ वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, बोर्डो येथे त्यांचे निधन झाले.

हे मिश्रण आपल्याकडे कुठे कामी येते?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळे रोगावर बोर्डो मिश्रण वापरले. कोकण आणि गोव्यातील सुपारी बागायतदार आजही पावसाळ्याच्या तोंडावर घडांवर ते फवारतात. द्राक्षात केवड्यासाठी आणि इतर फळझाडांत छाटणीनंतर ते वापरले जाते. खोडाला लावायची बोर्डो पेस्ट त्याचेच घट्ट रूप.

शिरूर आणि दौंडच्या डाळिंब पट्ट्यात प्रश्न आहे तो तेल्याचा. तेल्या हा बुरशीचा नव्हे, जिवाणूचा रोग. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीत झाली. महाराष्ट्रात त्याने खरा हाहाकार माजवला तो २००० नंतर. पानावर, काडीवर आणि फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकते आणि बाजारात त्याला मोल उरत नाही. तांबे जिवाणूवरही चालत असल्याने विश्रांतीच्या काळात, छाटणीनंतर १ टक्का बोर्डो फवारण्याची शिफारस केली जाते.

केवडा फ्रान्समध्ये वेलींच्या आयातीसोबत आला, तेल्या नव्या बागेत बहुतेकदा रोगट गुटी कलमांसोबत येतो. नंतर पावसाचे शिंतोडे आणि निर्जंतुक न केलेली छाटणीची कात्री तो झाडोझाडी नेतात. अशा वेळी नुसत्या फवाऱ्यावर भिस्त ठेवून चालत नाही. रोगमुक्त रोपे, प्रत्येक झाडानंतर कात्रीचे निर्जंतुकीकरण, रोगट फळे-काड्या गोळा करून जाळणे आणि पावसाळी मृग बहार टाळता येतो का याचा विचार, हे सगळे सोबत लागते.

मिश्रण करताना चूक कुठे होते?

१ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. चुका सहसा पुढील ठिकाणी होतात :

- मोरचुदासाठी लोखंडी भांडे वापरले जाते. तांबे लोखंडावर बसते आणि भांडेही खराब होते. प्लॅस्टिकची टाकी वापरावी.
- मोरचुदाच्या पाण्यात चुना ओतला जातो. दोन्ही द्रावणे वेगळी करून तिसऱ्या टाकीत एकाच वेळी ओतावीत किंवा चुन्याच्या निवळीत मोरचुदाचे पाणी हळूहळू सोडावे.
- मिश्रण आम्लधर्मी राहते. स्वच्छ लोखंडी खिळा किंवा चाकू थोडा वेळ बुडवावा. त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालावा.
- उरलेले मिश्रण दुसऱ्या दिवशी वापरले जाते. ते त्याच दिवशी संपवावे. शिळ्या मिश्रणाची चिकटण्याची ताकद जाते.
- इतर कीटकनाशके त्यात मिसळली जातात. मिश्रण अल्कधर्मी असल्याने अनेक औषधे त्यात निकामी होतात.

फुलोरा आणि फळवाढीच्या काळात फवारणी करायची असल्यास प्रमाण आणि वेळ कृषी विद्यापीठ किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीनुसारच ठेवावी.

जुने आणि स्वस्त आहे, म्हणून कितीही मारले तर चालते का?

नाही. तांबे हे धातूरूप मूलद्रव्य आहे. कालांतराने ते विघटित होऊन नाहीसे होत नाही, मातीत साचत जाते. ज्या बोर्डो परिसराने जगाला हे औषध दिले, तिथल्या जुन्या द्राक्षबागांच्या मातीत दशकानुदशके साठलेले तांबे हा आज चिंतेचा विषय आहे. मातीतील गांडुळे आणि उपयुक्त सूक्ष्मजीवांना त्याचा त्रास होतो. म्हणूनच युरोपीय महासंघाने हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो तांबे, अशी मर्यादा घातली आहे.

हे प्रमाण आपल्या बागेत मोजून पाहता येते. मोरचुदात वजनाच्या साधारण २५ टक्के तांबे असते. हेक्टरी १००० लिटर १ टक्का मिश्रण फवारले, तर १० किलो मोरचूद लागतो आणि त्यातून सुमारे अडीच किलो तांबे बागेत जाते. म्हणजे अशा दोन फवारण्यांतच युरोपची वर्षाची सरासरी ओलांडली जाते. रोग दिसल्यावर घाबरून दर आठवड्याला तांब्याची फवारणी करणारी बाग रोग तर हटवत नाहीच, मातीही खराब करून घेते.

मग मिलार्दे यांच्याकडून नेमके काय घ्यायचे?

फवाऱ्याच्या कृतीइतकीच त्यांची नजर कामाची आहे. ते बागेतून चालत होते, कोणती ओळ झडली आणि कोणती वाचली हे पाहत होते आणि त्याचे कारण विचारत होते. राज्याच्या कृषी विभागाचा ‘हॉर्टसॅप’ हा फळपिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प २०११-१२ पासून हेच काम व्यवस्थेच्या पातळीवर करतो. ठरावीक बागांची नियमित पाहणी, नोंदी आणि त्यावरून शेतकऱ्यांना सल्ला.

पण सर्वेक्षणातली बाग ही आपली बाग नसते. पाऊस कोणत्या तारखेला झाला, पहिला डाग कोणत्या ओळीत दिसला, त्याआधी किती दिवस फवारणी झाली होती, हे मोबाइलवर फोटोसह टिपून ठेवले तर पुढच्या बहाराला कुठे आणि केव्हा लक्ष द्यायचे ते कळते. मिलार्दे यांना यासाठी पायी मळा तुडवावा लागला आणि उत्तर मिळायला तीन हंगाम गेले. शिरूर-दौंडच्या बागायतदाराकडे आज कॅमेरा आणि हवामानाचा अंदाज दोन्ही खिशात आहेत. बागेतून फेरी मात्र त्यालाच मारावी लागणार आहे.